औलीला बर्फ असेल का? अंदाज कसा वाचायचा आणि उतारावरची स्थिती कशी ओळखायची

होटगी रोड (धागाकर्ता), २९ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. सोलापूरहून उत्तराखंडातल्या औलीला स्कीइंग शिकायला गेलेलं कुणी इथे आहे का? प्रश्न साधा आहे, पण मागची हकीकत सांगितल्याशिवाय नीट कळणार नाही.

गेल्या जानेवारीत सोलापूरची गड्डा यात्रा उरकली आणि आम्ही तिघं निघालो. मी, बायको आणि नववीतली मुलगी. कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली, तिथून ऋषिकेश, पुढे अख्खा दिवस डोंगरातला रस्ता आणि मग औलीच्या खालचं गाव जोशीमठ. पोरीने दोन वर्षं वाढदिवसाचे, दिवाळीचे पैसे साठवले होते. निघायच्या आधी आठ दिवस मी रोज फोनवर हवामान बघत होतो. आठपैकी सहा दिवस बर्फाचं चिन्ह. ज्या हॉटेलात उतरणार होतो त्यांनी फोटो पाठवला, त्यात गुडघाभर बर्फ.

पोचलो तर उतारावर पिवळं गवत. झाडांच्या सावलीत कुठे कुठे पांढरे पट्टे. चार दिवस राहिलो, त्यात एका रात्री भुरभुर पाऊस झाला. मुलीने भाड्याचे स्कीचे बूट पायात घालून बघितले आणि काढून ठेवले. परतीच्या गाडीत दौंड येईपर्यंत ती फारसं बोलली नाही.

यंदा फेब्रुवारीत पुन्हा जायचं ठरवतोय. अंदाज चुकला होता, की मलाच तो वाचता आला नाही? हे समजून घेतल्याशिवाय तिकीट काढायचं नाही, असं ठरवलंय.

सातरस्ता, २९ नोव्हेंबर

दादा, वाचून वाईट वाटलं. मी औलीला दोनदा गेलोय. एकदा गढवाल मंडळ विकास निगमचा सात दिवसांचा कोर्स केला, एकदा नुसता सरावाला. दोन्ही वेळा बर्फ मिळाला, पण पहिल्यांदा तो निव्वळ नशिबाने.

आधी एक सांगा. फोनमध्ये गावाचं नाव काय टाकलं होतं?

होटगी रोड, २९ नोव्हेंबर

औली टाकलं, पण ते चिन्ह नेमकं कुठल्या उंचीचं होतं ते काही दिसत नव्हतं.

पाषाण रोड, ३० नोव्हेंबर

मूळ सोलापूरचा, आता पुण्यात हवामानशास्त्र शिकतोय. होटगी रोड काका, तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. 'कुठल्या उंचीचं?' हेच विचारायला हवं.

जोशीमठ साधारण १९०० मीटरवर आहे. औलीचे उतार अडीच हजारांपासून तीन हजारांच्या थोडं वरपर्यंत जातात. नकाशावर दोन्ही ठिकाणं जवळ दिसतात, पण हवेच्या दृष्टीने ती दोन वेगळी गावं आहेत. सरासरी दर हजार मीटरला साडेसहा अंश तापमान उतरतं. म्हणजे जोशीमठला ६ अंश असेल, तर २८०० मीटरवर शून्याच्या आसपास. ढगाळ, ओल्या हवेत हा उतार थोडा कमी असतो, तेव्हा वर एक-दीड अंश धरा. खाली पाऊस आणि वर बर्फ असं एकाच तासाला होतं ते यामुळेच.

आता फोनवरचं चिन्ह. हवामानाची मॉडेलं पृथ्वीवर चौकटींची जाळी टाकून गणित करतात. युरोपीय मॉडेलची चौकट साधारण ९ किलोमीटरची, अमेरिकन जीएफएसची १३ किलोमीटरची. आपल्याकडे मे २०२५ मध्ये भारत फोरकास्ट सिस्टीम सुरू झाली, तिची ६ किलोमीटरची, आणि ती आमच्या इथल्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने विकसित केली याचा मला फार अभिमान आहे. सोलापूर जिल्ह्यात ९ किलोमीटरची चौकट चालून जाते, कारण जमीन सपाट. औलीच्या चमोली जिल्ह्यात त्याच चौकटीत नदीचं खोरं, औलीची कुरणं आणि त्यांच्यावरचे उंच डोंगर सगळे येतात. मॉडेलला दिसते ती या सगळ्यांची मिळून एक गुळगुळीत उंची. ती तुमच्या उतारापेक्षा जास्त निघाली, तर फोन बर्फ दाखवतो आणि तुमच्या अंगावर पाऊस पडतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. चिन्ह फक्त प्रकार सांगतं, प्रमाण नाही. अर्धा मिलिमीटर पडणार असेल तरी बर्फाचं चिन्ह येतं. म्हणून चिन्हाकडे बघूच नका. तीन आकडे शोधा: किती मिलिमीटर, शून्य अंशाची पातळी (जिथे हवेचं तापमान शून्य होतं ती उंची) किती मीटरवर, आणि वारा किती.

मिलिमीटरचा हिशोब सोपा आहे. ढोबळ मानाने १ मिलिमीटर पाण्याचा १ सेंटिमीटर बर्फ होतो. कडाक्याच्या थंडीत भुसभुशीत पडला तर दीड-दोन सेंटिमीटर, ओला पडला तर अर्ध्या सेंटिमीटरच्या जरा वर. तुमच्या त्या सहा चिन्हांची बेरीज ३ मिलिमीटर असेल, तर तो सगळा मिळून तीन बोटंसुद्धा बर्फ नव्हता.

शून्य अंशाची पातळी विंडीसारख्या हवामानाच्या संकेतस्थळावर मीटरमध्ये मिळते. बर्फ या पातळीच्या खाली साधारण तीनशे मीटरपर्यंत न वितळता पोचतो. पातळी २६०० असेल तर अख्ख्या औलीवर बर्फ. ३३०० असेल तर फक्त माथ्यावर, आणि खालच्या उतारावर तुमच्यासारखी भुरभुर.

काळी माती, ३० नोव्हेंबर

होटगी रोड, मी पंढरपूर तालुक्यातला द्राक्षवाला. बर्फात कधी पाय ठेवला नाही. पण तुम्ही ज्याची वाट बघालाव, त्याचीच आम्हाला भीती असते, म्हणून लिहितो.

उत्तरेत बर्फ पाडतो तो पश्चिमी विक्षोभ. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघतो, वरच्या पश्चिमी वाऱ्यावर बसून इराण, अफगाणिस्तान करत हिमालयाला धडकतो. हिवाळ्यात महिन्याला चार-सहा येतात, त्यातले दोन-एकच जोरदार. त्याची द्रोणी, म्हणजे कमी दाबाचा लांब पट्टा, कधी खाली महाराष्ट्रापर्यंत लांबली आणि समुद्रावरून दमट वारं आलं, की आमच्याकडे गारा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आमच्या घरात अजून कुणी विसरलेलं नाही. काढणीला आलेला माल होता.

तेव्हापासून मी वहीत लिहितो. आज एखाद्या तारखेचा अंदाज काय सांगतो ते लिहायचं. उद्या त्याच तारखेचा परत बघायचा, परत लिहायचा. तारीख जवळ येईल तसा आकडा एका जागी थांबत असेल तर भरवसा ठेवायचा. आज २०, उद्या २, परवा १५ असं नाचत असेल तर त्या दिवसावर काही ठरवायचं नाही. तुम्ही आठ दिवस रोज बघितलं, पण लिहिलं नाही. लिहिलं असतं तर दिसलं असतं बघा की.

माझ्या वहीप्रमाणे तीन दिवसांच्या आतला अंदाज कामाचा. पाच दिवसांचा सावध व्हायला पुरतो. दहा दिवसांचा मी बघतो, पण त्यावर फवारणी ठरवत नाही.

पाषाण रोड, ३० नोव्हेंबर

काळी माती काका, तुमची वही म्हणजे आमच्या भाषेतलं 'एन्सेम्बल'च आहे. युरोपीय हवामान केंद्र एकच अंदाज काढत नाही. सुरुवातीची स्थिती किंचित बदलून ५० वेगळे अंदाज काढतं. पन्नासपैकी ४० मध्ये बर्फ असेल तर विक्षोभ येतोय हे जवळजवळ नक्की. दहामध्येच असेल तर तो उत्तरेला काश्मीरवरूनच निघून जाण्याची शक्यता जास्त. विक्षोभाची वाट शे-दीडशे किलोमीटर सरकली की गुलमर्गला भरपूर आणि औलीला काहीच नाही, असं होतं.

कडक भाकरी, १ डिसेंबर

औलीत तलाव बांधून कृत्रिम बर्फाची यंत्रं बसवली आहेत ना? मग नैसर्गिक बर्फाची एवढी काळजी कशाला? आपल्याकडे विमानाने ढगांत फवारून पाऊस पाडायचे प्रयोग झाले होते, तसंच काही तिथे करतात का?

पाषाण रोड, १ डिसेंबर

ताई, ते दोन वेगळे प्रकार. सोलापुरावर २०१८-१९ मध्ये आयआयटीएमने प्रयोग केले ते असलेल्या ढगांत बीज टाकण्याचे. बर्फाच्या यंत्राला ढग लागतच नाही. ते पाणी आणि दाबाची हवा यांचा बारीक फवारा उडवतं आणि थेंब जमिनीवर पोचायच्या आत गोठतात.

गोठतील की नाही हे आपल्या कूलरवरून समजतं. मे महिन्यात सोलापुरात कूलर झकास चालतो, कारण हवा कोरडी, पाणी उडतं आणि गारवा येतो. तोच कूलर रत्नागिरीत नेला तर नुसती ओल. पाणी उडून हवा जास्तीत जास्त जिथवर गार होऊ शकते, त्याला ओल्या फडक्याचं तापमान म्हणतात. बर्फाच्या यंत्राला हे तापमान साधारण उणे २ किंवा त्याखाली लागतं. कोरडी हवा असेल तर साध्या तापमापकावर शून्याच्या वर असतानाही जमतं, दमट असेल तर शून्यालाही जमत नाही.

पडणाऱ्या बर्फालाही हाच नियम. सुरुवातीला पाऊस येतो, तो कोरड्या हवेतून पडताना थोडा उडतो, हवा गार होते आणि तासाभरात पावसाचा बर्फ होतो. संध्याकाळी पाऊस दिसला म्हणून लगेच निराश होऊ नये.

सातरस्ता, १ डिसेंबर

यंत्रांच्या भरवशावर मात्र कुणी जाऊ नका. औलीतली ही सगळी तयारी २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांच्या वेळची. तरी २०२३ च्या फेब्रुवारीत तिथली राष्ट्रीय स्पर्धा बर्फाअभावी रद्द करावी लागली होती. छोट्या ठिकाणचं हेच असतं. मोठ्या ठिकाणी दहा उतार असतात, खालचा गेला तर वरचा उघडा राहतो. इथे एक मुख्य उतार आणि एक खुर्चीचा पाळणा. तो कोरडा, तर सगळंच कोरडं.

आता जमिनीबद्दल लिहितो, कारण इथवर सगळी चर्चा आकाशाची झाली.

बर्फ पडणं वेगळं आणि स्की करण्याजोगा उतार असणं वेगळं. मराठीत आपण उसाच्या रसातल्या खड्यालाही बर्फ म्हणतो आणि आकाशातून पडतो त्यालाही. स्कीच्या पट्टीखाली मात्र त्याची पाच-सहा रूपं कळतात. ताजा, थंडीत पडलेला बर्फ ज्वारीच्या कोरड्या पिठासारखा. मुठीत दाबला तरी गोळा होत नाही. थोडा ओला असेल तर उकड काढलेल्या पिठासारखा, लगेच गोळा होतो. त्यात पोरं बाहुले करतात, पण शिकणाऱ्याची स्की त्यात रुतते आणि गुडघा पिळवटतो. दिवसा ऊन लागून वितळलेला आणि रात्री परत गोठलेला उतार सकाळी आठला काचेसारखा असतो. तोच उतार साडेदहा-अकराला वरून सुटा होतो, तेव्हा शिकायला सगळ्यात चांगला. दुपारी दोननंतर पुन्हा चिखल. म्हणून आजची स्थिती कशी आहे असं विचारू नका, सकाळी नऊला कशी होती आणि दुपारी दोनला कशी होती असं विचारा.

औलीच्या बाजूने दोन गोष्टी आहेत. उतार उत्तरेकडे तोंड करून आहे, त्यामुळे हिवाळ्यात ऊन तिरपं लागतं आणि बर्फ टिकतो. आणि खाली दगड नाहीत, बुग्याल आहे, म्हणजे गवताचं कुरण. दगडी उतारावर मीटरभर थर लागतो, इथे फूटभर दाबलेल्या थरावरही नवशिक्यांचं काम भागतं. 'दाबलेल्या' हा शब्द महत्त्वाचा. ३० सेंटिमीटर ताजा पडला की दोन दिवसांत तो स्वतःच्या वजनानेच बराच खाली बसतो. कुणी दोन फूट आहे म्हणालं तर विचारा, ताजा की बसलेला? मोजला कधी आणि कुठल्या उंचीवर?

फोटोबद्दल. खोली विकणाऱ्याचा फोटो पुरावा धरू नका. खुर्चीच्या पाळण्याचा तळ आणि त्यामागचा उतार एका चौकटीत येईल असा, आज काढलेला छोटा व्हिडिओ मागा. त्याहून चांगलं, स्वतः वरून बघा. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं कोपर्निकस ब्राउझरवर फुकट मिळतात, साधारण पाच दिवसांनी एकदा, १० मीटरच्या बारकाव्याची. ढग नसेल त्या दिवशी औलीचा उतार, तलाव, झाडीची कड सगळं दिसतं. पांढरं कुठून सुरू होतं ते मोजता येतं. मी इथे बसून उजनीचं पाणी किती मागे हटलं ते ज्या चित्रांवर बघतो, त्याच चित्रांवर हे दिसतं.

होटगी रोड, १ डिसेंबर

आत्ता उघडून गेल्या वर्षीची तारीख टाकली. आम्ही निघायच्या चार दिवस आधीचं चित्र स्वच्छ आहे. उतार तपकिरी. सगळं समोर होतं, मला कुठे बघायचं तेवढं माहीत नव्हतं. मुलीला दाखवलं. तिने उंचीच्या रेषा लावून कुठल्या भागात पांढरं होतं ते काढलं. २९०० च्या वर थोडं होतं.

सोलापूर ते देहरादून, २ डिसेंबर

नोकरीनिमित्त नऊ वर्षं देहरादूनमध्ये आहे, माहेर बाळीवेस. दोन-तीन गोष्टी इकडच्या.

हवामान खात्याच्या देहरादून केंद्राचं रोजचं पत्रक वाचायची सवय लावा. त्यात जिल्हावार लिहिलेलं असतं आणि बर्फासाठी उंची स्पष्ट दिलेली असते, '२५०० मीटर आणि त्याहून उंच भागात' किंवा '३००० मीटरच्या वर' अशी. हा एकच आकडा तुम्हाला फोनवरच्या चिन्हापेक्षा जास्त सांगेल. ३५०० लिहिलं असेल तर औलीला बर्फ नाही, इतकं सरळ.

पिवळा, नारिंगी इशारा म्हणजे 'चला, भरपूर बर्फ' असा अर्थ काढणारे पर्यटक दर वर्षी बघते. इशारा त्रासासाठी असतो. रस्ता बंद, वीज नाही, गाडी अडकली. जोशीमठ ते औली रस्ता साधारण पंधरा किलोमीटरचा, आणि बर्फ पडल्यावर वरच्या वळणांवर चाकांना साखळी लावल्याशिवाय गाडी चढत नाही. रोपवेचा विचार करत असाल तर तो जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचली तेव्हा बंद केला गेला. रस्त्यानेच जायचं धरून दिवस मोजा. जोरदार विक्षोभ येणार असेल तर त्याच्या एक दिवस आधी वर पोचा, नाहीतर तो सरल्यावर एक दिवस थांबून निघा. मधल्या दिवशी ऋषिकेशहून निघू नका.

आणि हिमस्खलन. चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था चमोलीसाठी उंचीनुसार धोक्याची पातळी देते, एक ते पाच. औलीच्या नेहमीच्या उतारावर थांबणाऱ्यांना भीती कमी, पण औलीच्या वरच्या गोरसोन कुरणाच्या पुढे चालत जाऊ, बद्रीनाथजवळचं माणा गाव बघून येऊ, असे बेत ताज्या बर्फानंतर लगेच करू नका. २८ फेब्रुवारी २०२५ ला माण्याजवळ रस्त्याच्या कामगारांच्या छावणीवर हिमस्खलन आलं. ५४ माणसं होती, आठ गेली. आम्ही इथे तीन दिवस बातम्या लावून बसलो होतो. डोंगरातली पोटासाठी काम करणारी माणसं होती ती.

कडक भाकरी, २ डिसेंबर

वाचून अंगावर काटा आला. होटगी रोड, मुलीला घेऊन जाताय, नीट जा. फेब्रुवारीपेक्षा जानेवारीत थंडी जास्त ना, मग बर्फ टिकेल जानेवारीतच, असं नाही का?

सातरस्ता, २ डिसेंबर

ताई, थंडी जानेवारीत जास्त हे खरं, पण अलीकडे तिकडचे डिसेंबर-जानेवारी कोरडे जाताना बरेचदा दिसलेत. थंडी आहे आणि पडायला काही नाही, तर उपयोग काय? मी फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा निवडेन. तोवर थर साचायला दोन महिने मिळालेले असतात आणि ऊन अजून चढलेलं नसतं. मार्चला मी जाणार नाही.

काळी माती, २ डिसेंबर

तारीख एक धरूच नका. दोन धरा, आठ दिवसांच्या अंतराने. रेल्वेचं तिकीट रद्द केलं तर थोडे पैसे जातात, पण अख्खी सहल वाया जाण्यापेक्षा ते बरं. खोलीवाल्याशी आधीच बोला की पाच दिवस आधी नक्की सांगू. नाही म्हणाला तर दुसरा बघा.

होटगी रोड, ३ डिसेंबर

दोन्ही तारखांची तिकिटं काढली. मुलीने वही केली. डावीकडे तारीख, मग मिलिमीटर, शून्याची पातळी, देहरादूनच्या पत्रकातली उंची आणि शेवटच्या रकान्यात उपग्रहाचं चित्र स्वच्छ की ढगाळ. १५ जानेवारीपासून रोज रात्री जेवणानंतर ती भरणार आहे.

होटगी रोड, २१ फेब्रुवारी

मंडळी, परवा आलो. सविस्तर लिहितो, कारण हे तुमच्यामुळे झालं.

पहिली तारीख सोडली. वहीत आकडा रोज नाचत होता, १८, ४, ११, ३. पत्रकात उंची ३२०० च्या वर आणि उपग्रहाच्या चित्रात उतार अर्धा तपकिरी. मला मोह होत होता, फोनवर चिन्ह होतंच. मुलगी म्हणाली, "बाबा, नको. पातळी ३१०० आहे." तिकीट रद्द केलं.

दुसऱ्या तारखेच्या सहा दिवस आधीपासून आकडा २० ते २५ मिलिमीटरमध्ये थांबला तो हललाच नाही. शून्याची पातळी २४०० च्या आसपास. देहरादूनच्या पत्रकात २५०० मीटर लिहून आलं. देहरादूनच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे एक दिवस आधी वर पोचलो. वाटेत जोशीमठला ढग उतरलेले, हवा बोचरी, पण कोरडी.

संध्याकाळी पाच वाजता पाऊस सुरू झाला. बायको माझ्याकडे बघायला लागली. मुलगी खिडकीत बसून होती, म्हणाली, "थांबा, कूलर चालू आहे." सव्वासहाला थेंबांचा आवाज बंद झाला. खिडकीबाहेर सगळं शांत, आणि दिव्याच्या उजेडात पाकळ्या.

सकाळी, काळी माती काका, तुमच्या वहीची आठवण काढून तिने मोजमाप केलं. आमच्या घरी शाळेचे गणवेश शिवायचं काम चालतं, त्यामुळे टेप तिच्या बॅगेत होतीच. गच्चीवर वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात तीन जागी मोजला: २२, २४, २३ सेंटिमीटर. मग उभ्या कडांचा स्टीलचा डबा, ज्यात आम्ही शेंगाची चटणी नेली होती, तो धुऊन उपडा करून बर्फात दाबला आणि भरून आत आणला. डबा १२ सेंटिमीटर उंच. वितळल्यावर पाणी १३ मिलिमीटर भरलं. तिने गणित केलं, दहाला एकच्या जरा खाली. म्हणजे पिठासारखाही नाही आणि पार ओलाही नाही.

त्या दिवशी उतार बंद होता, दुसऱ्या दिवशी दाबून तयार केला. शिक्षकांनी साडेदहाला बोलावलं. पहिल्या तासात ती अकरा वेळा पडली, मी मोजत होतो. तिसऱ्या दिवशी खालच्या उतारावर न पडता वळून थांबली, आणि मागे वळून आम्ही कुठे आहोत ते बघायला लागली.

काळी माती, २१ फेब्रुवारी

लई बरं वाटलं. पोरीला सांगा, तोच विक्षोभ आमच्या वहीतही आहे. इकडे नुसते ढग आले आणि गेले. वही फेकू देऊ नका, पुढच्या वर्षी तिची आणि माझी शेजारी ठेवून बघू.

सातरस्ता, २२ फेब्रुवारी

डब्याची मोजणी फार आवडली. एक विचारतो, गच्चीची उंची किती होती? उतारावर २८०० ला थर किती होता, तेही मोजलं का?

होटगी रोड, २२ फेब्रुवारी

गच्ची २५५० ला. वर पाळण्याच्या माथ्याजवळ शिक्षकांच्या परवानगीने तिने काठी खुपसून बघितली: जुना-नवा मिळून ६१ सेंटिमीटर, त्यात खालचे वीस अगदी घट्ट. काठी तिथे थांबली आणि मग जोर लावल्यावर गवताला लागली.